पितृपंधरवड्यातले कणकेचे गोळे

अंगणवाडीच्या फरशीवर पळसाची एकोणीस पानं मांडली होती. प्रत्येक पानावर कणकेचे पाच गोळे, एका ओळीत. पुढच्या गोळ्याला डोळे म्हणून दोन काळे तीळ. मुलं खूश होती. मीही खूश होते. मोबाईल काढून फोटो घेत होते, तेवढ्यात गोदाआजी दारात आली. चार वर्षांच्या प्रगतीला, तिच्या नातीला न्यायला आली होती. तिनं फरशीकडं बघितलं आणि पायातल्या चपलांसकट आत येऊन नातीचा हात धरला.

"बाई, हे काय मांडलंय लेकरांम्होरं?"

"सुरवंट आहे, आजी. कणकेचा सुरवंट. खेळणं."

"सुरवंट? मला तर पिंड दिसून राहिलेत. वर तीळ बी लावलेत. पितरांचे दिवस चालू हायत आन् तुमी लेकरांच्या हातानं पिंड वळून घेताव?"

मी फरशीकडं बघितलं. आता मलाही तेच दिसलं.

अर्ध्या तासात वाडीतल्या सगळ्या आया येऊन आपापलं लेकरू घेऊन गेल्या. कुणी भांडलं नाही. एकीनं तर जाताना मुलाचे हात आमच्याच रांजणातल्या पाण्यानं तीनदा धुतले. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, काही बोलता तरी आलं असतं.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. म्हणजे मुखेड तालुक्यातल्या पंचवीसेक अंगणवाड्या माझ्याकडं. तिथं शिकवणारी ती सेविका, तिच्या हाताखालची ती मदतनीस, आणि या दोघींना कागद, सूचना आणि बोलणी पोचवणारी ती मी. देगलूरकडच्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि परीक्षा देऊन नोकरीला लागलेलीही मीच. हे मी सांगते, लपवत नाही. पण त्या दिवशीची चूकही त्यातूनच झाली, तेही सांगायला पाहिजे.

सप्टेंबरमध्ये आमचा पोषण महिना असतो. त्यात आईबापांना घरच्या घरी, बिनखर्चाची खेळणी करून दाखवायची होती. नांदेडला ट्रेनिंग झालं, मॉड्यूल मिळालं. मॉड्यूल म्हणजे काय करायचं, कसं करायचं याची छापील वही. त्यात कणकेचा सुरवंट होता. कारण साधं आहे. लहान मूल कणीक दाबतं, वळतं, चिमटीत धरतं, तेव्हा बोटांचे बारीक स्नायू तयार होतात. पुढं पेन्सिल धरायला तेच लागतात. आमच्या भाषेत याला सूक्ष्म स्नायू विकास म्हणतात. मॉड्यूलमध्ये लिहिलं होतं, डोळ्यांसाठी कुठल्याही बिया वापरा. काळे तीळ मी निवडले, स्वस्त आणि हाताशी म्हणून. कणीक फरशीला चिकटते म्हणून पळसाची पानंही मीच आणायला लावली. म्हणजे मॉड्यूलला दोष देता येत नाही.

खरी भीती वेगळी होती. या वाडीची अंगणवाडी कमी हजेरीच्या यादीत आली होती. पुढच्या गुरुवारी आमचे प्रकल्प अधिकारी पाहणीला येणार होते. मुलं कमी दिसली की ही अंगणवाडी रस्त्यापलीकडच्या मोठ्या गावातल्या अंगणवाडीत मिसळायची. कागदावर अंतर थोडंच. पण मधे हमरस्ता आणि त्यावर दिवसभर वाळूचे टिप्पर. तीन वर्षांचं लेकरू कुठली आई तिकडं धाडेल? अंगणवाडी गेली म्हणजे या एकोणीस लेकरांसाठी ती संपलीच.

दुसऱ्या दिवशी हजेरी दोन. एक सेविका शोभाचा पुतण्या, दुसरी मदतनीस शमीमआपाची नात.

शोभा अकरा वर्षं ही अंगणवाडी चालवत होती. तिनं माझ्याकडं पाठ केली, खडू घेऊन फळ्यावर तारीख लिहिली आणि दोन मुलांना गाणं शिकवायला बसली. शमीमआपा मात्र बोलल्या.

"मॅडम, मला तर तीळ लावतानाच वाटलं होतं."

"मग सांगितलं का नाही, आपा?"

"म्हणलं, मॅडम लई शिकलेल्या हायत. इचार करूनच केलं असंल."

हे मला लागलं. अजून लागतं.

प्रकल्प अधिकारी साहेबांना फोन केला. झालं ते सांगितलं.

"मग दुसरा उपक्रम घ्या," साहेब म्हणाले. "पण कणकेचा फोटो ॲपवर पाहिजे."

"सर, कणीक या पंधरवड्यात होणार नाही."

"मॉड्यूलमध्ये आहे."

"मॉड्यूलला पितर नाहीत, सर."

"मॅडम, चेष्टा नको. गुरुवारी मुलं दिसली पाहिजेत. नाहीतर मी काही करू शकणार नाही."

"दिसतील," मी म्हणाले. कशी, ते मला माहीत नव्हतं.

त्याच दुपारी गोदाआजीच्या घरी गेले. ती अंगणात उडदाच्या शेंगा सोलत होती. बस म्हणाली नाही. मी बसले आणि शेंगा सोलायला घेतल्या. बराच वेळ ती माझ्या हाताकडं बघत राहिली. शेंगा सोलायची सवय आहे की नाही, ते तपासत असावी.

"कुण्या गावच्या तुमी?"

"देगलूरकडची."

"मायनं काय शिकवलं न्हाई का?"

"माय शेतात जायची, मी शाळेत."

"हाव. मग शाळेत काय शिकवलं?"

मी पुढची शेंग सोलली. तीच पुढं बोलली. "कणीक मळून ठेवली तर आमी वरून बोटं उमटवतो. गुळगुळीत गोळा तसाच कधी ठेवत न्हाई. पिंडावानी दिसतो म्हणून. तुमच्यात न्हाई करत?"

करतात. माझी माय सणाला कणीक मळून झाली की वरून चार बोटं दाबायची. वीस वर्षं मी ते समोर बघितलं. का दाबते, हे एकदाही विचारलं नाही. परीक्षेत येत नव्हतं.

"चूक माझी आहे, आजी," मी म्हणाले. "शोभाची नाही."

"शोभीला कोण काय म्हणलं? लेकरू गुणाचं हाय. पर पितरं होईस्तोवर आमी न्हाई धाडणार."

"पितरं होईस्तोवर अंगणवाडी राहणार नाही. गुरुवारी साहेब येणार आहेत. मुलं नसली तर अंगणवाडी रोडच्या पल्याड जाणार."

तिचे हात थांबले. "हे कोण बोललं न्हाई आमाला."

"मी बोलून राहिले ना आता."

ती रस्त्याच्या दिशेनं बघत बसली. एक टिप्पर धडधडत गेला. मग मीच विचारलं, "तुमच्या लेकरांना तुम्ही खेळायला काय द्यायच्या?"

"आमाला कुठं येळ होता, माय. आमचे मालक ज्वारीच्या ताटाची गाडी करून द्यायचे. लेकरं तिला दिवसभर वढायची."

"येते तुम्हाला?"

"न यायला काय झालं?"

शेळीच्या खोपटाशेजारी कडब्याची पेंढी होती. ज्वारीचं कणीस काढल्यावर उरलेलं ताट, तो कडबा. तिनं जाडसं ताट ओढलं, विळ्यानं साल सोलली. आतला गाभा पांढरा, मऊ, हलका. त्याच्या चकत्या म्हणजे चाकं. सालीच्या कडक काड्या म्हणजे आस आणि दांड्या. गाभ्यात काडी खुपसली की बसते. डिंक नको, खिळा नको. प्रगती शेजारी येऊन बसली आणि आजीच्या हातातून काडी घेऊन स्वतः खुपसू लागली. अंगठा आणि दोन बोटं. ट्रेनिंगमध्ये पडद्यावर ज्या पकडीचं चित्र दाखवलं होतं, तीच.

"उद्या अंगणवाडीत येता का?" मी म्हणाले.

"मला न्हाई येत शिकवाया."

"शिकवू नका. बसून गाड्या करत राहा."

तिनं विचार केला. "कणीक आणायची न्हाई. तीळ न्हाई. आन् पळसाचं पान तर बिलकूल न्हाई."

"कबूल."

मग मी उरलेली घरं केली. प्रत्येक दारात तेच बोलले: चूक माझी, गुरुवारी अंगणवाडी जाऊ शकते, गोदाआजी अंगणवाडीत गाड्या करणार आहे. कुणी चहा दिला, कुणी आतूनच हं म्हटलं. एका आजोबानं मला दारात उभं करून पितृपक्षाची सगळी माहिती दिली. मी ऐकली. चार दिवस यात गेले.

पण रोज मुलं वाढत होती. आजी आली त्या दिवशी पाच, मग नऊ. गोदाआजी भिंतीला टेकून बसायची. तिची गाडी बघायला दुसरी म्हातारी आली आणि म्हणाली, "हिची चाकं वाकडी हायत." मग तीही बसली. तिसरीनं नांगर केला. शमीमआपाचे मालक शिलाई काम करतात. आपांनी त्यांच्याकडच्या चिंध्यांची पिशवी आणली. चिंध्या गुंडाळून, वरून दोरा आवळून चेंडू. गुंडाळायचं काम मुलांचं, गाठ मोठ्यांची. लागला तरी दुखत नाही, घरातलं काही फुटत नाही.

दोन नियम मी केले, तुम्हीही घरी करत असाल तर पाळा. ताट मोठ्यांनीच सोलायचं, कारण सुकलेली साल ब्लेडसारखी कापते. आणि काडी हातात असताना मूल बसलेलं पाहिजे, पळायचं नाही. बाकी गाडी वाकडी झाली तर होऊ द्या. ती मुलाच्या हातून झाली पाहिजे, एवढंच.

गुरुवारी साहेब आले. मी मुलं मोजली नाहीत, त्यांनी मोजली. सतरा. दोघांना ताप होता, त्यांच्या आया स्वतः सांगायला आल्या होत्या. साहेबांनी रजिस्टर बघितलं आणि पाणी पिऊन विचारलं, "कणकेचा उपक्रम कुठाय?"

मी तोंड उघडायच्या आत गोदाआजी बोलली. "साहेब, तुमच्या घरी पितरं जेवू घालतेत का?"

"घालतात."

"मग इचारू नका."

शोभानं तोंडाला पदर लावला. साहेब खाली बसले. वेळ काढायला म्हणून असेल, एक चकती घेतली आणि काडी खुपसायला गेले. चकती मधून फाटली. प्रगतीनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली, दुसरी दिली आणि म्हणाली, "जोरात न्हाई. फिरवत फिरवत."

दुसरी चकती बसली. मग साहेबांनी कुणी न सांगता तिसरी घेतली.

महिनाभरानं कागद आला. वाडीची अंगणवाडी यादीतून वगळली, या वर्षापुरती. पुढच्या वर्षी पुन्हा बघणार. त्याच कागदात खाली माझ्यासाठी शेरा होता: स्थानिक साहित्याचा वापर समाधानकारक, मात्र मॉड्यूलप्रमाणे उपक्रम न घेतल्याबद्दल खुलासा सादर करावा. मी खुलासा दिला. तीन ओळींचा, खरा. त्यावर पुढं काही आलं नाही.

शोभा अजून तिथंच आहे. मला खुर्ची देते, चहा देते, आणि नवीन उपक्रमाचा कागद नेला की आधी स्वतः वाचते, मग शमीमआपांना मोठ्यानं वाचून दाखवते.

मी स्वतः आता कुठलंही नवीन खेळणं मुलांपुढं ठेवायच्या आधी त्याच वस्तीतल्या एखाद्या म्हातारीला करून दाखवते. दहा मिनिटं लागतात. दारोदार माफी मागायला चार दिवस लागले होते.