येते म्हण

आमच्या घरात ‘जाते’ म्हणायला बंदी आहे. बाहेर पडताना ‘येते’ म्हणायचं. लेक इथे सौदीत, दम्मामच्या इंग्रजी शाळेत वाढली, तिला हे कधी पटलं नाही. जातेय तर येते कसं म्हणू, हा तिचा वाद. मी म्हणायचे, शहाणपणा पुरे, मुकाट्याने म्हण.

आता ती जर्मनीत पॉट्सडॅमला शिकते. राजेलोकांचं गाव, जिकडेतिकडे महाल आणि बागा. दुपारी खोलीवर परतताना ती बागेतून व्हिडिओ कॉल लावते आणि मी इथे भाजी निवडत फुकटात राजवाडे बघते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे धुळीचं वादळ, खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबलेले. तिच्याकडे बर्फ आणि धुकं. बागेत चिटपाखरू नव्हतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीच्या लाकडी पेट्या उभ्या होत्या. हे काय गं, विचारलं, तर म्हणाली, थंडीने तडकू नयेत म्हणून पुतळ्यांना हिवाळाभर पेट्यांत बंद करतात. माझ्या अंगावर काटाच आला. आत कुणीतरी उभं राहून आमचं बोलणं ऐकतंय, असं वाटायला लागलं. म्हटलं, बाई, आधी घर गाठ.

पण वाट मोठा वळसा घालून जात होती. स्क्रीनवर तर समोर पांढरंशुभ्र, सपाट मैदान दिसत होतं.

“अगं, मग मैदानातून आडवी जा की,” मी म्हटलं.

तिने वाट सोडली. “हात गारठले, आई. जाते मी,” म्हणाली आणि फोन बंद झाला.

‘जाते’ म्हणाली! मी परत लावला, लागेना. रिकाम्या घरात त्या मुक्या फोनवर मी ओरडले, येते म्हण. आणि जीभ चावली. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हेसुद्धा मीच तिला शिकवलेलं.

दीड तास फोन लागला नाही. नवऱ्याला कळवावं, तर प्लांटमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत. बाहेर सगळं पिवळं, समोरची इमारतही दिसेना. कपाटातल्या देवांपुढे दिवा लावला. डोळे मिटले की त्या पेट्याच दिसायच्या. मी भयंकर घाबरले होते.

शेवटी तिचा फोन आला, खोलीवरून. थंडीने बॅटरी गेली होती म्हणे.

“आई, तू मला मागून हाक मारलीस?”

“काय ऐकलंस?” मी विचारलं.

“येते म्हण, असं ऐकू आलं. त्या पेट्यांकडून. फोन तर बंद होता.”

कोण आहे ते बघायला ती चार पावलं मागे आली. मागे कुणी नव्हतं, नुसत्या पेट्या. तेवढ्यात ती आधी उभी होती तिथे कडकन तडा गेला आणि काळं पाणी वर आलं. ते मैदान नव्हतंच. गोठलेलं तळं होतं, वर बर्फ पडलेला. वाळवंटात वाढलेल्या पोरीला आणि तिच्या नाशिकच्या आईला ते कुठून कळणार?

आता ती न चुकता ‘येते’ म्हणते. आईच्या हाकेने वाचले, असं मैत्रिणींना सांगते. मैदानातून आडवी जा, हे कुणी सांगितलं होतं, ते मात्र ती सांगत नाही. मीही नाही.