रानकोंबडीची नावं

आमच्या आतोबांइतका रानकोंबडीचा ध्यास घेतलेला शाकाहारी माणूस साऱ्या माळव्यात दुसरा झाला नसेल. संस्थानच्या शिकारखात्यात ते कारकून होते. बंदुकीला त्यांनी जन्मात हात लावला नाही. वरातीत फटाका उडाला तरी ते कानांवर हात ठेवत. रानकोंबडी त्यांनी पाहिली होती ती साहेबांच्या दिवाणखान्यात, भुसा भरलेली. पण तिला कोण काय म्हणतं, ह्याची एक जाडजूड वही त्यांनी भरत आणली होती. देवास गेटच्या मोटारस्टँडवर उतरणाऱ्या अनोळखी माणसाला अडवून ते विचारायचे, "भैयाजी, आपके गाँव में जंगली मुर्गी को क्या बोलते हैं?" माझ्या बहिणीच्या लग्नात सीमांतपूजनाच्या वेळी त्यांनी व्याह्यांनाही हेच विचारलं, तेव्हा सोवळ्यातले व्याही पाटावरून उठायलाच निघाले होते. शब्द मिळाला की त्यापुढे सांगणाऱ्याचं नाव-गाव लिहायचं, हा त्यांचा दंडक. "शब्द त्यांचाय. मी नुसता सांभाळणारा," असं म्हणायचे.

संस्थान गेलं, मध्य भारत राज्य आलं, तेही गेलं आणि कारभार भोपाळला हलला. नव्या सरकारला शिकारीच्या पक्ष्यांची यादी हवी होती. आतोबांनी रानकोंबडीपुढे एकतीस नावं लिहिली, सांगणाऱ्यांसकट. यादी परत आली: एका पक्ष्याला एकच नाव द्यावे. त्यांनी पुन्हा एकतीसच पाठवली, वर पुरावा म्हणून वहीही जोडली. वही भोपाळलाच राहिली आणि फक्त यादी परत आली, सोबत ताकीद: सोमवारपर्यंत दुरुस्ती न झाल्यास आपली गणना फाजील नोकरांत होईल. आत्या रडकुंडीला आली. "अहो, एक लिहून सुटा नं! दोन पोरींची लग्नं व्हायचीयेत अजून." शेवटी फ्रीगंजातल्या आपल्या घरी बसून त्यांनी 'जंगली मुर्गी' तेवढं ठेवलं आणि बाकीच्या तीस नावांवर पट्टी लावून रेघा मारल्या. नोकरी वाचली. आत्यानं शिरा केला, पण आतोबांनी ताटली तशीच बाजूला सारली.

पुढच्या रविवारपासून ते गावोगाव हिंडू लागले. ज्याचा शब्द काटला, त्याला तसं तोंडावर सांगायला! आत्यानं कपाळाला हात लावला. एकदा मीही बरोबर गेलो. बागलीपलीकडच्या वस्तीत एक म्हातारी मोहाची फुलं वाळत घालत होती. आतोबा हात जोडून म्हणाले, "माँजी, आपका शब्द मैंने लिस्ट से काट दिया. माफ करना."

म्हातारीला आधी काही उमजेना. मग ती बोळकं पसरून हसली. "कागद में से काट्यो नी, बाबूजी? म्हारा मूंडा में से तो नी काट्यो!" आणि आपल्या तोंडाकडे बोट दाखवत तिनं तो शब्द खणखणीत म्हणून दाखवला. आतोबांनी पुन्हा म्हणायला सांगितलं, तर तिनं पुन्हा म्हटला. त्यांचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं.

आतोबा गेले, म्हातारीही केव्हाच गेली असेल. तो शब्द मी दोनदा ऐकला होता. आज कितीही आठवलं तरी मला तो आठवत नाही.