टाकीचा कंट्रोलर आणि साहेबांचा कॅमेरा

इंजिनीअर झाल्यावर पहिली नोकरी मला तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मिळाली. कंपनीत माणसं तीन: मी, जवळच्याच गावातून येणाऱ्या सोल्डरिंगवाल्या मावशी आणि आमचे साहेब. साहेबांच्या व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजिंग डायरेक्टर' असं छापलेलं होतं. मॅनेज करायला आम्ही दोघी होतोच.

आम्ही इमारतींच्या पाण्याच्या टाकीसाठी कंट्रोलर बनवत होतो. टाकी रिकामी झाली की मोटर सुरू, भरली की बंद. सानपाड्यातल्या सोसायट्यांचे वॉचमन हे काम एक बटण दाबून करत होते, पण ते काही 'कॉम्प्युटराइज्ड' नव्हतं.

प्रोग्राम मी कॉम्प्युटरवर लिहायचे, तिथेच एकेक ओळ चालवून तपासायचे आणि मग चिपमध्ये भरायचे. चूक निघाली तर चिप जांभळ्या दिव्याच्या डब्यात वीस मिनिटं ठेवून पुसायची. उजेड आत जावा म्हणून चिपच्या डोक्यावर काचेची छोटी खिडकी असे. काम झालं की तिच्यावर स्टिकर लावायचा, असं माहितीपुस्तकात बजावलं होतं. मी तो लावला होता.

बोर्ड उत्तम चालला. टाकी म्हणून ठेवलेली बादली भरली की मोटरचा लाल दिवा विझायचा. मग साहेब आले, मेहुण्याने सिंगापूरहून आणलेला कॅमेरा गळ्यात घालून. माहितीपत्रकासाठी फोटो हवे होते. त्यांनी फोटो काढला आणि बादली काठोकाठ भरलेली असताना दिवा पेटला.

"मॅडम, हे काय?"

"बघते सर."

तीन दिवस बघितलं. दोनशे ओळी एकेक करून चालवल्या. पडद्यावरची टाकी इतक्या शहाण्यासारखी भरायची आणि थांबायची की तिलाच सानपाड्याला पाठवावंसं वाटलं. मी एकटी असले की बोर्डही बिनचूक चालायचा. साहेब आले की बिघडायचा.

"मी समोर आलो की तुम्ही घाबरता," साहेबांनी निदान केलं. "कॉन्फिडन्स पाहिजे, मॅडम."

बोर्डाला माझ्या कॉन्फिडन्सचा पत्ता कसा लागतो, हे काही त्यांनी सांगितलं नाही. पण तिसऱ्या दिवशी दुपारी मला ते खरंच वाटायला लागलं. चार वर्षं शिकून एक बादली सांभाळता येत नाही, म्हणून मी पडद्यासमोर बसून मुकाट्याने डोळे पुसत होते.

मावशींनी सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवली. "ताई, त्या टीवीत काय शोधता? साहेबांनी फोटू काढला का दिवा पेटतो. मी चार येला बगलंय. नाय काढला तर काय बी होत नाय."

मी साहेबांचा कॅमेरा मागून घेतला. फ्लॅश मारला, दिवा पेटला. बोर्ड बंद करून पुन्हा सुरू केला आणि फ्लॅश न मारता फोटो काढला. काही झालं नाही. पुन्हा फ्लॅश, पुन्हा दिवा. तेव्हा कुठे मी तीन दिवसांत पहिल्यांदा बोर्डाकडे नीट बघितलं. काचेची खिडकी उघडी होती आणि फ्लॅशचा उजेड सरळ आत जाऊन चिपचं डोकं फिरवत होता.

"सर, इथला स्टिकर?"

"तो? मी काढला. फोटोत घाण दिसत होता. काच कशी इम्पोर्टेड वाटते!"

मी काळी चिकटपट्टी कापून खिडकीवर लावली. मग साहेबांनी सोळा फोटो काढले. दिवा ढिम्म राहिला.

माहितीपत्रक छापून आलं, त्यात कंट्रोलरचं सातवं वैशिष्ट्य होतं, 'विशेष प्रकाश-संरक्षण'. सोसायटीच्या कमिटीसमोर साहेबांनी त्यामागच्या संशोधनाबद्दल पाच मिनिटं भाषण केलं. सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर कुठलाही बोर्ड बाहेर पाठवायच्या आधी मी मावशींना त्याच्याकडे बघत राहायला शेजारी स्टुलावर बसवून घ्यायचे. साहेबांची समजूत अशी की मावशी कामचुकारपणा करतात.