लाल कपड्यातली अन्नपूर्णा

आमच्या आईने आम्हा दोघी बहिणींसाठी चांदीच्या दोन अन्नपूर्णा एकाच दिवशी, एकाच सोनाराकडून घेतल्या. मी दहा वर्षांची, धाकटी सातची. आमच्याकडे नवरीने लग्नाच्या दिवशी गौरीहर पुजायचा, म्हणजे बोहल्यावर जाण्याआधी तांदळात बसवलेल्या या मूर्तीवर गुपचूप अक्षता टाकत बसायचं, आणि मग ती मूर्ती घेऊन सासरी जायचं. दोन्ही मूर्ती हुबेहूब सारख्या. पुढे भांडण नको म्हणून मी माझ्या मूर्तीच्या बुडाला आईच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून टाकला. भांडण त्यावरूनच झालं.

लग्न करायचं नाही, हे मी घरी कधीच सांगून टाकलंय. दोन वर्षांपूर्वी घणसोलीत वन बीएचके घेतला, तेव्हा आईकडे माझी अन्नपूर्णा मागितली. आई म्हणाली, "ती लग्नात मिळते. फ्लॅट घेतल्यावर नाही." मी म्हटलं, राहू दे. पण खरं सांगते, मला ते फार लागलं. कुकर दिला, मिक्सर दिला, परातसुद्धा दिली आईने. देव्हाऱ्यात मी तेवढी एक जागा रिकामी ठेवली.

धाकटीचं लग्न वाशीच्या हॉलमध्ये, मुहूर्त बारा चाळीसचा. पूजेच्या सामानाची पिशवी तिने स्वतः भरली होती, यादी करून, खुणा करून. गुरुजींनी गौरीहर मांडला, तांदळाची रास केली आणि हात पुढे केला. पिशवीत सुपाऱ्या चार डझन, अन्नपूर्णा नाही. आई मटकन खुर्चीत बसली. बाबा म्हणाले, "कुणी टेन्शन घेऊ नका," आणि स्वतः घामाघूम झाले.

कोपरखैरणेला आईच्या घरी मी गेले, माझ्या स्कूटरवरून. पैठणी, नथ आणि वर हेल्मेट. नथ हेल्मेटमध्ये नीट मावत नाही, ही माहिती कुणाच्या उपयोगी पडली तर बघा. घरी देवाच्या डब्यात दोन पुरचुंड्या, एक लाल कपड्यात, एक हिरव्या. धाकटीला फोन लावला. मेकअपच्या खुर्चीतून ती म्हणाली, "लाल आण, लाल." आणली.

ती गौरीहरापाशी बसली, पुरचुंडी सोडली, मूर्ती उलटी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बाई! ताई, ही तर तुझी." बुडाला ठिपका होता.

"तूच लाल म्हणालीस ना!"

"माझं चुकलं," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. तिथेच मला संशय यायला हवा होता, पण माझं डोकं फिरलं होतं.

परत जाऊन यायला वेळ नव्हता. गुरुजी म्हणाले, देवी ती देवी, हीच बसवू. मी म्हटलं, "माझी आहे ती." आईने सगळ्या मावश्या-आत्यांसमोर माझ्याकडे बघितलं. "मग तू कुठे नेणार आहेस तिला?"

मी हातातल्या हेल्मेटचा पट्टा लावत-काढत राहिले. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही, विचारा कुणालाही.

गौरीहर पुजताना नवरीने बोलायचं नसतं. धाकटी बोलली. "घणसोलीला नेणार. घरी राहिलीय ती आजच्या आज ताईला द्यायची, आई. हो म्हण, नाहीतर मी उठत नाही." आईला वाटलं, मस्करी. मामा न्यायला आला, ही हलेना. मामाने हाताला धरलं, तरी ही आपली अक्षता टाकतेय. बाहेर मंगलाष्टकं म्हणणाऱ्या काकूंचा माइक तपासून झाला. गुरुजींनी घड्याळ दाखवलं. बारा पस्तीसला आई म्हणाली, "देते बाई, देते! ऊठ आता." नवरी उठली.

पाठवणीला सगळे मला सांगत होते, सासर खारघरला, म्हणजे जवळच तर आहे. मी रडले नाही. संध्याकाळी आईने हिरवी पुरचुंडी माझ्या हातात ठेवली, सोबत मूठभर तांदूळ. "तुझ्या घरात तांदूळ असतात ना?" एवढंच विचारलं, आणि पटकन आत गेली. मी "असतात" म्हटलं. नव्हते.

घणसोलीत लिफ्टची वाट बघताना मी पुरचुंडी सोडली आणि मूर्ती उलटी केली. बुडाला ठिपका. इतक्या वर्षांत विटलेला, कडेने उडालेला, माझाच. मग हॉलमधला ठिपका आठवला. मरून रंगाचा, चकचकीत. आदल्या दिवशी तिने नखांना लावलेला तोच रंग. पिशवी तिने भरली होती. लाल आण, हेही तीच म्हणाली होती. ती स्वतःचीच अन्नपूर्णा घेऊन सासरी गेली होती.

फोन लावला. मागे सासरची माणसं उखाण्यासाठी हटून बसलेली.

"मिळाली का?" तिने हळूच विचारलं.

"खोटारडी," मी म्हटलं.

"आधी तांदूळ आण," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मात्र मी रडले. लिफ्ट दोनदा येऊन गेली.