पडघ्याहून आणलेली कढीपत्त्याची दोन पिल्लं

कढीपत्त्याचं रोप आणायला कोणी प्रवास करतं का, असं बायकोने विचारलं. नर्सरीतली तीन रोपं आमच्या ठाण्याच्या गॅलरीत मेली होती, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. पण पडघ्याच्या मावशीचा फोन आला होता, "जागा गोडाऊनवाल्याला दिली. सोमवारी जेसीबी येतोय. झुडूप जायच्या आधी पिल्लू घेऊन जा."

रविवारी सकाळी निघालो. ठाण्याहून एसटीने भिवंडी, तिथून नाशिकच्या रस्त्याने सिक्स सीटर. जाणाऱ्यांनी सुट्टे पैसे जवळ ठेवावेत आणि पुढे ट्रकची रांग दिसली तर चिडू नये, उपयोग नसतो. भिवंडीत पंधरा रुपयांचा वडापाव खाल्ला, चांगला होता. पुढे भाताच्या खाचरांमध्ये निळ्या पत्र्याची गोदामं दिसू लागली. काही वेळ मोजली, मग सोडून दिलं.

मावशीचं घर हायवेपासून दहा मिनिटं चालत. झुडूप मोरीच्या मागे, माझ्यापेक्षा उंच, मोरीच्या पाण्यावर आणि उरलेल्या आंबट ताकावर पोसलेलं. बुंध्याभोवती मुळांतून लहान रोपं फुटतात, तीच पिल्लं. शेजारच्या तीन बायका खुरपी घेऊन कामाला लागल्या होत्या. मावशी मात्र पायरीवर बसून नुसते हुकूम सोडत होती.

"मावशी, तूच काढून दे ना. माझ्या हाताला यश नाही."

"देणारीनं माती उकरायची न्हाय. ज्याला पायजे त्यानंच काढायचं. तरच जगतं."

"आमी समद्यांनी अशीच नेली हायेत, दादा," एक बाई म्हणाली.

मी त्यातल्या त्यात मोठं पिल्लू धरलं, तशी मावशी ओरडली, "ते नको! ते अजून आईच्या जिवावर हाय. ज्याला सोताची बारीक मुळं सुटलीत ते बघ." वीतभर उंचीची दोन मिळाली. मातीसकट ओल्या गोणपाटात बांधली.

दुपारी तांदळाची भाकरी, सुकट आणि डाळ. फोडणीसाठी मावशीने पानं खुडली नाहीत, शेंड्याची काडीच मोडली. "तुमी पान पान ओरबाडता, म्हणून मरतात. शेंडा मोडला की दोन फांद्या फुटतात." त्या डाळीसाठी मी पुन्हा एवढा प्रवास करीन.

परतताना भिवंडीच्या स्टँडवर एकदम लक्षात आलं, की मावशीने स्वतःसाठी एकही पिल्लू ठेवलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती भिवंडीजवळच्या टेमघरला मुलाच्या फ्लॅटवर राहायला जाणार होती, आणि तिथे गॅलरी होती. घरी पोचून दोन्ही रोपं कुंड्यांत लावली आणि फोन केला.

"अगं, तुझ्यासाठी?"

"माझं मी कशी काढू? मी देणारी."

"मग माझ्यातलं एक आणून देतो."

"आणून दिलेलं चालत न्हाय. आणि कुंडीत लावलं की ते आई झालं, आई हलवायची न्हाय. तुझ्या झाडाला पिल्लू येऊ दे, मी येऊन काढीन."

सोमवारी जेसीबी आला. झुडूप उपटायला किती वेळ लागला, ते मी विचारलं नाही.

दोनपैकी एक रोप तिसऱ्या आठवड्यात गेलं. दुसरं तगलंय, त्याला चार काड्या आहेत. तिच्या झुडपाचं आता माझ्यापाशी एवढंच उरलंय आणि मला त्याची धास्ती वाटते, खोटं कशाला सांगू. आमच्या पोह्यांसाठी कढीपत्ता अजून बाजारातूनच येतो.

मावशी दर रविवारी फोन करते. परवा मी तिला सरळ सांगितलं, कुंडीत पिल्लू फुटायला दोन-तीन वर्षं जातील, कदाचित जास्तच.

"माती बघितलीस आज?"

"बघितली. अजून काही नाही."

"बरं," ती म्हणाली. "मी हाय."