बूटवाल्यांचा ठेका

बूटवाल्यांचा उजवा पाय कधीही स्वस्थ नसे. चहा पिताना, फोनवर बोलताना, दारात उभे असतानासुद्धा त्यांची टाच जमिनीवर पडत राही. कॅनडात ब्रॅम्पटनमधील आमच्या घराचे बेसमेंट त्यांनी भाड्याने घेतले होते. तो आवाज वर माझ्या खुर्चीपर्यंत येई. गृहस्थ मूळचे वसईचे. उंच टाचेचे बूट ते घरातही घालत. आमच्या सौभाग्यवतींना ते सहन होत नसे. 'बूटवाले' हे नाव त्यांनीच ठेवलेले.

एकदा मी खाली जाऊन बजावले, "पाय आवरा."

"काका, पाय आवरला तर गाणं थांबतं. मला तबलजी कोण देणार?"

गाणी कंट्रीची, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची. आगबोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने आणलेल्या कॅसेटींवरून ते लहानपणी शिकले होते. मला ती सगळी सारखीच वाटत, आणि तसे मी बोललोही.

"सारखीच आहेत," त्यांनी मान्य केले. "माणूस घर सोडतो आणि गाणंभर मागं बघत बसतो. आपण तरी दुसरं काय करतो, काका?"

मी जिना चढून वर आलो.

दिवसा वेअरहाऊसमध्ये खोकी, संध्याकाळी गिटार, असा त्यांचा क्रम होता. दर हिवाळ्यात ते नोकरी सोडण्याचे जाहीर करत आणि दर वसंतात कामावर जात. अशातच जवळच्या गावातील एका जुन्या बँडचा गायक निवृत्त झाला. शेतकी जत्रेत लोकांसमोर दोन गाणी म्हणा, जमले तर जागा तुमची, असे बँडच्या वृद्ध प्रमुखाने कळवले. बूटवाले तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेले. "आता नाही जमलं तर जन्मभर खोकीच," ते म्हणाले. त्या आठवड्यात त्यांचा पाय क्षणभरही थांबला नाही. जत्रेच्या दिवशी गाडी मी चालवली.

नाव पुकारले गेले. बूटवाले मंचाच्या पायरीशी थांबले, वाकले, बूट काढून त्यांनी नीट जोडीने ठेवले आणि नुसत्या मोज्यांनी वर गेले. वसईच्या त्यांच्या भजनमंडळात पादत्राणे घालून लोकांसमोर गायला कुणी बसत नसे. इथे लोक हसले. "हे काउबॉय, व्हेअर आर युअर बूट्स?" कुणीतरी ओरडले.

आवाज चांगला लागला होता. परंतु मोज्यातला पाय फळीवर पडत होता आणि ठेका ऐकूच येत नव्हता. दुसऱ्या कडव्यात गाणे धावू लागले. बँडमधील वादक एकमेकांकडे पाहू लागले. मला त्या गाण्याचे शब्द ठाऊक नव्हते. ठेका मात्र दोन वर्षे सोसला होता. मी बाकाखालच्या फळीवर टाच आपटली. पुन्हा आपटली. बूटवाल्यांनी माझ्याकडे पाहिले. गाणे जागेवर आले. शेजारच्या शेतकऱ्याने टाच आपटली, मग त्याच्या बायकोने, मग सगळ्या रांगेने.

दुसरे गाणे संपल्यावर प्रमुख स्वतः पायरीपर्यंत गेले आणि ते बूट उचलून घेऊन आले. "सी यू सॅटर्डे," ते म्हणाले. "बूट्स ऑन."

महिन्याभरात बूटवाले बेसमेंट सोडून बँडबरोबर पश्चिमेकडे दौऱ्यावर निघाले. "काका, आता खाली शांतता," ते म्हणाले.

"बरे झाले," मी म्हणालो.

बेसमेंट मी पुन्हा भाड्याने दिले नाही. अजूनही जेवताना सौभाग्यवती अचानक थांबतात, टेबलाखाली पाहतात आणि मला म्हणतात, "पाय आवरा."

तो आवरत नाही.