जावेचा सुजलेला हात

माझ्या थोरल्या जावेच्या पोटाचा सीटी स्कॅन करायचा होता, म्हणून आम्ही तिघं दरेकशाहून सकाळच्या गाडीनं गोंदियाला निघालो: ती, माझा नवरा आणि मी. मला कोणी चल म्हटलं नव्हतं. उलट नवरा म्हणाला, तू कायले येते, एका माणसाचं काम आहे. तो असं म्हणाला म्हणूनच मी गेले.

थोरले दीर जाऊन वर्ष उलटलं होतं. आमच्या भागात दिरानं विधवा वहिनीच्या हातात बांगड्या भरल्या की ती त्याची बायको झाली. मंडप नको, भटजी नको. पहिली बायको घरात असली तरी कोणाचं काही अडत नाही. वर्षश्राद्धाच्या पंगतीत मी भात वाढत असताना माझ्यासमोरच बायका जावेकडे बघून बोलल्या, हिचे हात असे मोकळे बरे नाही दिसत. तेव्हापासून नवरा बाजारातून आला की पिशवी आधी मी रिकामी करायचे. कांदे निघाले की जीव भांड्यात पडायचा.

दीर-वहिनीची थट्टामस्करी सगळ्यांनाच चालते, त्यात मला बोलायला जागा नव्हती. पण माझ्याशी हो-नाहीपलीकडे न जाणारा हा माणूस तिच्याजवळ बसला की अर्धा तास सहज हसायचा. ती माझ्याहून वयानं मोठी, रंगानं सावळी, दिसायला माझ्याहून काही जास्त नाही. तरी मी जळायचे. गाडीत त्यानं खिडकीची जागा तिला दिली, तेव्हाही जळले.

दवाखान्यात तिला आत नेलं आणि आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळानं आत गडबड ऐकू आली. मग डॉक्टर बाहेर आले. स्कॅनसाठी शिरेतून जे औषध सोडतात, ते शिरेबाहेर मांसात उतरलं होतं, असं त्यांनी समजावलं. बोटं हलतात, घाबरायचं कारण नाही. हात उंच धरायचा, बर्फानं शेकायचं, चोळायचं मात्र नाही. संध्याकाळपर्यंत सूज वाढली नाही तर घरी जा, म्हणाले.

तिला चाकाच्या खुर्चीवर बाहेर आणलं. कोपरापासून मनगटापर्यंत हात टम्म फुगला होता. इतकं जळत होतं तर बोलली काऊन नाही, असं नवऱ्यानं विचारलं. औषध सोडताना अंगात गरम वाटेल, हलू नका, असं सांगितलं होतं. तिला वाटलं, ते गरम म्हणजे हेच. दात आवळून ती पडून राहिली होती. मला वाईट वाटलं, खोटं का सांगू. पण ते फार वेळ टिकलं नाही.

बर्फाची पिशवी घेऊन नर्स आली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याला म्हणाली, "अपनी मिसेस का हाथ ऐसेच ऊपर पकडके रखना."

त्यानं ती चूक सुधारली नाही. तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि उंच धरला. लग्न झाल्यापासून चारचौघांत त्यानं माझं बोटही धरलं नव्हतं. जत्रेत मी मागे राहिले तर पुढून हाक मारायचा, तीही नावानं नाही. आणि इथे येणारे-जाणारे बघत होते, हा आपला धरून बसला होता. त्याचे खांदे दुखत असणार, पण हात खाली येत नव्हता. मी म्हटलं, द्या इकडे, मी धरते. राहू दे, म्हणाला.

मग माझ्याकडे मान करून जाऊच त्याला म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

"सोड माहा हात, हे धरन. गावात माह्या बांगड्यांची गोष्ट चालू आहे, मले मालूम आहे. मले कोणी विचारलं नाही. मले नाही भरायच्या. तुह्या हातून त नाहीच."

त्यानं हात माझ्याकडे दिला. तो जड होता आणि बर्फानं गार पडला होता. वर्षभर ज्या भीतीनं मला झोप नव्हती, ती तिनं एका दमात संपवली होती. मी तिचे पाय धरायला हवे होते. मी नवऱ्याकडे पाहिलं.

बर्फ वितळला, दुसरा आणतो, म्हणून तो उठला. गाडीची वेळ होत आली तरी त्याचा पत्ता नाही. आला तेव्हा हातात बर्फ नव्हता. तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल होते. कुठे होते विचारलं तर इथेच, म्हणाला.

परतताना जाऊ माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि तिचा हात मीच धरून बसले. तो समोर बसून खिडकीबाहेर बघत होता. माझ्यासाठी तो कधी असा तोंड धुऊन आला नव्हता. तिनं नको म्हटलेला माणूस मी घरी घेऊन चालले होते.